अण्णांची सोळावी

चातुर्मास आला की माणसं काहीतरी सोडतात. कुणी कांदा सोडतं, कुणी वांगं सोडतं, कुणी एक वेळचं जेवण सोडतं. आमच्या कारखान्यात बॉयलरवर कामाला असलेले सोपानराव काळभोर दर वर्षी तंबाखू सोडायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा धरायचे. अण्णा नेवगी मात्र काहीच सोडत नसत. ते धरत. आषाढी एकादशीला आंघोळ करून, पाटावर बसून, हातावर पाणी सोडून ते संकल्प करायचे की कार्तिकीपर्यंत मी सोळा जुन्या, जाड, नावाजलेल्या कादंबऱ्या वाचीन. आठवड्याला एक. चातुर्मासात सोळा आठवडे भरून वर एक उरतो, तो आजारपणासाठी राखीव.

कादंबरी वाचायला संकल्प कशाला, असं मी त्यांना पहिल्याच वर्षी विचारलं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “चिटणीस, नेम नसला तर माणूस पातळ पुस्तकं वाचतो.”

चिटणीस हे माझं आडनाव नव्हे, ते माझं पद. पिंपरीला औषधांचा कारखाना नवा नवा उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला सिंधी निर्वासितांचा कँप, मधे माळावर आमच्या क्वार्टर्स, आणि संध्याकाळी भोंगा झाला की करायचं काय, हा सगळ्यांपुढचा प्रश्न. मी कारखान्यात कारकून होतो, लग्न नुकतंच झालेलं होतं, आणि अक्षर बरं होतं. तेवढ्या भांडवलावर मला कॉलनीच्या वाचनालयाचा चिटणीस केलं. वाचनालय म्हणजे एक पत्र्याची खोली, दोन कपाटं आणि एक नोंदवही. कपाटांपेक्षा माझा जीव त्या वहीवर जास्त होता. पुस्तक दिलं की निळी शाई, परत आलं की लाल, उशिरा आलं की हिरवी. माझी बायको कुसुम म्हणायची की, लोकांनी पुस्तकं वाचली नाहीत तरी चालेल, पण वेळेवर परत करावीत, एवढीच तुमची साहित्यसेवा.

अण्णा मूळचे कोकणातले, पण त्यांची नोकरीची वर्षं गेली कराचीत. तिकडे बंदरावर गोदामात होते. फाळणीनंतर बोटीनं मुंबईला उतरले, चार ठिकाणी हिंडले आणि शेवटी आमच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटले. उंच, सडपातळ, अंगात खाकी कोट, पायात कॅनव्हासचे बूट. क्वार्टर मिळत असूनही घेतली नाही. कँपातल्या एका बराकीत खोली घेऊन एकटेच राहायचे आणि शेजारपाजारच्यांशी अस्खलित सिंधीत बोलायचे. त्यांच्या घरची माणसं कुठं असतात, हे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण अण्णा आधी मागणीचिठ्ठी मागतील अशी भीती वाटायची.

स्टोअरमधला त्यांचा एक कायदा सगळ्या कारखान्याला पाठ होता. कुठल्याही खणातला शेवटचा नग द्यायचा नाही. मग तो वॉशर असो, दिव्याचा बल्ब असो की झाडू. एकदा पंपाचं बेअरिंग गेलं आणि इंजिनियर स्वतः धावत आले. खणात एक बेअरिंग समोर दिसत होतं.

“नाही मिळणार,” अण्णा म्हणाले.

“अहो, हे काय दिसतंय.”

“ते आहे म्हणून दिसतंय. तुम्हाला दिलं की मग नाही म्हणावं लागेल.”

शेवटी मोठ्या साहेबांची सही आणावी लागली. अण्णांनी सही उजेडात धरून तपासली, बेअरिंग पुसून दिलं आणि त्यानंतर दुपारभर त्या खणाकडे पाठ करून काम केलं. मी काही कागद घेऊन गेलो होतो, त्यांना कारण विचारलं. म्हणाले, “रिकाम्या खणावरचं नाव वाचवत नाही मला.” मी ते हसण्यावारी नेलं. कँटीनमध्ये दोन दिवस ते वाक्य सांगून लोकांना हसवलंसुद्धा.

तर कादंबऱ्या. वटपौर्णिमा झाली की अण्णांची निवड सुरू व्हायची. संकल्प एकादशीला, पण कोणत्या सोळा वाचायच्या हे त्याच्या आधी ठरायला हवं. दर रविवारी सकाळी ते वाचनालयात यायचे, एका खुर्चीवर बसायचे आणि शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवायचे. आमच्याकडे खुर्च्या एकूण चार. माणसं उभी राहिली तरी टोपी उचलली जात नसे.

पहिली अट वयाची. कादंबरी अण्णांपेक्षा वयानं मोठी हवी. “धाकट्यांकडून मी उपदेश ऐकून घेत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी नवं, गाजलेलं पुस्तक पुढं केलं की ते पहिलं पान उघडून छापल्याचं साल बघायचे आणि “अजून लहान आहे” म्हणून परत करायचे. दुसरी अट जाडीची. ती ते पुस्तक तळहातावर घेऊन, डोळे मिटून ठरवायचे. या दोन्हीतून एखादी कादंबरी पार पडली की मग तिची खरी चौकशी सुरू व्हायची.

प्रयोगशाळेतले देसाई म्हणून एक गृहस्थ होते. शिकलेले, तापट, वाचनाचे भोक्ते. त्यांनी एका रविवारी एक जुनी ऐतिहासिक कादंबरी सुचवली.

“हिच्यात माणसं किती मरतात?” अण्णांनी विचारलं. हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा.

“असतील सातआठशे. लढाई आहे ना.”

“लढाईतली नव्हेत. नाव असलेली.”

देसायांनी बोटांवर हिशेब केला. “तीन.”

“तीन फार झाली,” अण्णा म्हणाले. मग जरा थांबले आणि जाड आवाजात स्वतःच बोलले, “मरेनात का. गोष्ट तर चांगली आहे.” पुन्हा मऊ आवाज : “स्वयंपाकघर येतं का कुठं? ज्या पुस्तकात कुणी जेवतच नाही, त्यातली माणसं खरी कशी मानायची?” पुन्हा जाड आवाज : “तुला मेलं जेवणच दिसतं.”

देसायांना वाटलं हे आपल्याला. एका स्टोअरकीपरनं चारचौघांत अरेतुरे करावं याचा त्यांना इतका राग आला की ते दोन रविवार फिरकले नाहीत. मी मध्यस्थी केली, अण्णा असे स्वतःशीच बोलतात म्हणून समजूत घातली. आम्हाला त्या दोन आवाजांची सवय झाली होती. एकटा राहणारा माणूस, बोलत असेल स्वतःशी, यापलीकडे मी काही विचार केला नाही.

कुसुमनं केला. एका रविवारी ती चहा घेऊन आली होती, दारात उभी राहून तिनं सगळं ऐकलं. घरी गेल्यावर म्हणाली, “ते मऊ आवाजातले प्रश्न बाईचे आहेत. पुरुष काही स्वयंपाकघराची चौकशी करत नाहीत.”

“अण्णांना स्वतःचं स्वतः करून खावं लागतं,” मी म्हटलं. “त्यांना सुचणारच.”

ती भांडी आवरायला लागली. माझं एखादं म्हणणं पटलं नाही की ती तेच करायची.

महिनाभर असा खल चालायचा. कॉलनीतली अर्धी माणसं आपापल्या आवडीची पुस्तकं घेऊन यायची, वाद व्हायचे, चहा व्हायचे. आणि मग एकादशीच्या आदल्या रविवारी अण्णा खिशातून चारपदरी घडी घातलेला कागद काढायचे आणि म्हणायचे, “घ्या चिटणीस, यादी.” तिच्यात आमच्यापैकी एकाचंही पुस्तक नसायचं.

सोळांतल्या सात आमच्या कपाटांत निघायच्या, बाकीच्या पुण्याच्या वाचनालयांतून आणि देहूरोडच्या कुणा ओळखीच्या गृहस्थांकडून यायच्या. सोळावीपुढं मात्र अण्णा दर वर्षी पेन्सिलीनं लिहायचे, ‘मिळाल्यास’.

कादंबऱ्यांची नावं ते कधी घेत नसत. एक भुयारवाली होती, एक सावत्र आईची, एक आगबोटीची, एक दोन वेड्या भावांची. सोळावीला नुसतं सोळावीच म्हणायचे. ती कोणती हे मला यादीमुळे माहीत होतं, पण तुम्हाला सांगत नाही. तुम्ही वाचाल आणि कुणाजवळ तरी बोलून बसाल.

नेम एकदा सुरू झाला की नियम कडक. एक ओळ सुटता कामा नये. पान सुटलं तर पुस्तक पुन्हा पहिल्यापासून. एका वर्षी भुयारवालीची दोन पानं एकमेकांना चिकटलेली निघाली आणि हे अण्णांच्या ध्यानात आलं तेव्हा ते तीनशेव्या पानाच्या पुढं गेले होते. तिथल्या तिथं पुस्तक मिटून त्यांनी पहिलं पान उघडलं. राखीव आठवडा त्यातच गेला. जेवणाच्या सुट्टीत ते स्टोअरबाहेरच्या बाकावर वाचत बसायचे आणि सोपानराव डबा सोडून शेजारी टेकायचे. सोपानरावांना लिहायवाचायला बेताचंच येई, पण गोष्टीचा नाद फार. अण्णा त्यांना वाचलेलं सांगायचे, पण आपण जिथवर आलो तिथवरच.

“मग त्या पोरीचं लगीन हुतंय का न्हाई?” सोपानराव विचारायचे.

“मला काय माहीत? मी अजून दोनशे बाराव्या पानावर आहे.”

“आवं, गेल्या साली तुमीच सांगितलं की मला, हुतंय म्हून.”

“ते गेल्या वर्षी,” अण्णा म्हणायचे. “पुढचं सांगू नये, सोपानराव. ज्याचं त्यानं चालत यावं. घाई कुणाला आहे?”

हे ‘घाई कुणाला आहे’ त्यांच्या तोंडी सदा असायचं. पगाराच्या रांगेत, गाडी चुकली की, चहा उतू जाताना. स्टोअरच्या खिडकीपाशी ताटकळणाऱ्या फिटरांना ते वाक्य ऐकलं की शिव्या सुचायच्या.

सोपानरावांच्या त्या बोलण्यानं माझे कान टवकारले. मी घरी येऊन नोंदवही उघडली. मी चिटणीस झाल्यापासूनचा हा तिसरा चातुर्मास होता. तिन्ही वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तीच पंधरा पुस्तकं. तोच क्रम. एक आठवडा इकडचा तिकडं नाही. आणि मागच्या दोन्ही वर्षी सोळावीपुढं माझ्याच सुंदर अक्षरात ‘मिळाली नाही’.

मला राग आला. महिना महिना आम्ही वाद घालायचे, देसायांनी रुसायचं, कुसुमनं चहा करायचे, आणि यादी आधीच खिशात. दुसऱ्या दिवशी मी सोपानरावांना वही दाखवली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली, मग सुलटी केली.

“मानूस दरसाली त्याच गावाला जातुय,” ते म्हणाले, “तर मग रस्ता कशापायी इचारतुय?”

मी सरळ अण्णांनाच गाठलं. ते वॉशर मोजत होते. मोजून होईपर्यंत मी थांबलो.

“अण्णा, तिन्ही वर्षांची यादी एकच कशी?”

“नेम पुरा कुठं झालाय?” ते म्हणाले. “सोळा धरल्या होत्या, पंधरा होतात. पुरा झाला नाही की उद्यापन नाही, उद्यापन नाही तर पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून धरायचा. पान सुटलं की करतो तसंच.”

“म्हणजे सोळावी मिळाली की सुटलात?”

अण्णांनी वॉशरच्या डब्याचं झाकण लावलं. “हो,” म्हणाले, “मग सुटलोच.”

माझ्या रागाची जागा दयेनं घेतली. बिचारा माणूस. एका पुस्तकापायी त्याच त्या पंधरा कादंबऱ्यांच्या फेऱ्यात अडकलाय. एखाद्याचा नेम अडला असेल तर तो पुरा करायला हात लावावा, हे आपल्याकडे लहानपणापासून कानांवर पडलेलं असतं. कुणाचे सोळा सोमवार असले की शेजारीण चूर्मा कुटून देते. सोपानरावही म्हणाले, “पुन्याचं काम हाय भाऊसाहेब, करून टाका.” आणि खरं सांगायचं तर वहीत दर वर्षी तीच नावं लिहून मलाही कंटाळा आला होता.

मी एका रविवारी पुण्याला गेलो. जुन्या पुस्तकांच्या पहिल्याच दुकानात, दुसऱ्या ओळीत, अर्ध्या तासाच्या आत सोळावी सापडली. दुकानदार म्हणाला, “ही ना? ही कायम येते आमच्याकडे.” जो माणूस वॉशर एकेक मोजून ठेवतो, त्याला इतकी वर्षं हे पुस्तक मिळालं नाही, हे कसं? हा प्रश्न मला परतीच्या गाडीत पडायला हवा होता. पडला नाही. पुस्तक मांडीवर घेऊन मी खिडकीतून बघत खुशीत आलो.

त्या वर्षी पानं चिकटली नाहीत, आजारपण आलं नाही. पंधरावी संपली तेव्हा कार्तिकीला अजून जवळजवळ दोन आठवडे होते. म्हणजे सोळावी वाचून नेम वेळेत पुरा होणार होता. रविवारी आम्ही वाचनालयात छोटासा समारंभ ठरवला, अण्णांना पत्ता लागू न देता. कुसुमनं शिरा केला. सोपानरावांनी शेतातल्या झेंडूचा हार आणला. देसाई मागचं सगळं विसरून दोन शब्द बोलले. मी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून वर कुंकवाचं बोट लावलं होतं. नारळाबरोबर ते अण्णांच्या हातात दिलं.

“उघडा तर खरं,” मी म्हटलं.

त्यांनी सुतळी सोडली. कागदाची एक बाजू उचलली, नाव पाहिलं आणि कागद पुन्हा होता तसा बसवला. सुतळीची गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला.

“कुठं मिळाली?”

“पुण्यात. सहज मिळाली हो, अण्णा. तुम्ही नीट शोधलीच नसेल.”

देसायांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी सगळ्यांना नमस्कार केला, शेजारच्या खुर्चीवरची टोपी घेतली आणि निघाले. शिऱ्याची बशी त्यांच्या हातात होती ती दाराजवळच्या खिडकीवर ठेवून गेले. हार गळ्यात तसाच होता. आम्हाला वाटलं, भरून आलं असेल.

सोमवारी स्टोअरला कुलूप. अण्णा आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. फिटर, इंजिनियर, सगळे खिडकीशी जमा झाले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ‘घाई कुणाला आहे’ असं कुणी म्हणालं नाही. दुपारी मी जेवायला घरी गेलो तर कुसुम म्हणाली, “तुम्ही काहीतरी चुकीचं करून बसलाय. जाऊन या.”

भोंगा झाल्यावर मी कँपात गेलो. बराकींच्या ओळीत दोरीवर पापड वाळत होते. अण्णांची शेजारीण, एक म्हातारी सिंधी बाई, दाराशी बसली होती; तिनं मला बघून मान हलवली आणि वाट दिली. आत एक पेटी, एक स्टो आणि दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर अण्णा बसले होते. दुसरीवर पुस्तक होतं, तसंच गुंडाळलेलं, कुंकवासकट. मी कुठं बसावं ते कळेना. अण्णांनी पेटीकडे बोट केलं.

“तुमचा दोष नाही, चिटणीस,” ते म्हणाले. “मी ‘मिळाल्यास’ असं लिहीत होतो, तुम्ही मिळवलीत.”

मग ते बोलायला लागले. त्यांच्या बायकोचं नाव यमुना होतं. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

“कराचीत आम्ही दोघंच. मूलबाळ नाही. पहिल्या चातुर्मासात शेजारच्या मराठी बायका तिला विचारायला आल्या, तू काय सोडणार? यमू म्हणाली, मी गाव सोडलंय, माहेर सोडलंय, नदी सोडलीय. आता अजून काय सोडू? मी काहीतरी धरीन म्हणते. आणि तिनं कादंबऱ्या धरल्या. मलाही धरायला लावल्या. तिकडे आपलं एक मराठी वाचनालय होतं. आठ तिनं निवडायच्या, आठ मी. एक माझी, एक तिची. महिनाभर भांडायचो त्यावरून. हिच्यात माणसं किती मरतात, हिच्यात कुणी जेवतं का, हे तिचं.”

“आणि ‘मरेनात का’ हे तुमचं,” मी म्हटलं.

“माझं.” ते जरा हसले. “तिला दुपारी वेळ असायचा. ती कायम माझ्या एक पुस्तक पुढं. आणि पुढचं सांगायची नाही. तुमची होऊ दे, मग बोलू, म्हणायची. मी पुस्तक संपवलं की रात्रीचं जेवण होईतो आम्ही त्याच्यावर बोलायचो. शेवटच्या वर्षी दसऱ्यानंतर तिला ताप आला. सोळावी तिनं अंथरुणात संपवली. तिचीच निवड होती ती. माझी पंधरावी अर्धी झालेली. मला म्हणाली, हिच्या शेवटावरून मला तुमच्याशी भांडायचंय. मी म्हटलं, मग भांड की आत्ताच. तर म्हणाली, तुमची होऊ दे. घाई कुणाला आहे?”

बाहेर म्हातारीनं पापडांवरचे कावळे हाकलले.

“चौथ्या दिवशी गेली,” अण्णा म्हणाले. “पुढल्या वर्षी तिकडचं सगळंच गेलं. घर, वाचनालय, सगळं. मी तीच यादी धरली. पंधरा वाचतो. एकेका पानाशी ती काय म्हणाली होती ते मला आठवतं. सोळावीचं मला काहीच माहीत नाही. ती कशावरून भांडणार होती तेही नाही. पुस्तक कुठंही मिळतं, चिटणीस, मला ठाऊक आहे. पण मी वाचलं की झालं. आत्ता कसं, ती अजून माझ्या एक पुस्तक पुढं आहे. तिचं बोलायचं राहिलंय.”

मला माझी लाज वाटली. त्या तीन वर्षांच्या याद्यांची, त्या हिरव्या-लाल शाईची, कँटीनमध्ये पिकवलेल्या हशाची. खोलीतल्या दोन्ही खुर्च्यांकडे बघवेना. मी म्हटलं, “अण्णा, मी हे परत घेऊन जातो.”

“असं कसं? कागद नको?” ते उठले. पेटीतून स्टोअरचं चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, कार्बन घातला आणि ‘माल परत’ची चिठ्ठी रीतसर भरली. नग, एक. स्थिती, उत्तम. कारणाच्या रकान्यापाशी थांबले, पेन्सिल ओठाला लावली आणि लिहिलं, ‘आत्ता गरज नाही.’ खाली सही केली आणि वरची प्रत माझ्या हातात दिली.

“वाचनालयात नोंदवू नका,” म्हणाले. “पण टाकूही नका. कुठंतरी असू द्या.”

मी घरी येऊन कुसुमला सगळं सांगितलं. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, “मला वाटलंच होतं.” मग तिनं पुस्तक माझ्याकडून घेतलं, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलं आणि ट्रंकेला कडी लावली. आम्ही दोघांनीही ते उघडलं नाही. अण्णांच्या आधी वाचणं बरं दिसलं नसतं.

मंगळवारी स्टोअर उघडलं. कार्तिकी आली आणि गेली, उद्यापन झालं नाही. कुणी विचारलं तर मी सांगायचो की, पुस्तकाची शेवटची पानं फाटकी निघाली. देसाई हळहळले. सोपानरावांना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी खिशातली तंबाखूची पुडी काढून परत ठेवली आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मग. आमी बी त्यांना पुढलं इचारनार न्हाई.”

पुढल्या वटपौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. अण्णा येतील की नाही याची मला धाकधूक होती. नऊ वाजता ते आले, एका खुर्चीवर बसले, दुसरीवर टोपी ठेवली. त्या दिवशी गर्दी होती, तिघं उभे होते. देसाई त्या खुर्चीकडे सरकायला लागले तेव्हा मी माझी खुर्ची त्यांना दिली.

मी कपाटातून एक जुनं, जाडजूड पुस्तक काढून अण्णांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटून वजन घेतलं.

“हिच्यात माणसं किती मरतात?” मऊ आवाजात त्यांनी विचारलं.

“एकच,” मी म्हटलं. “आणि स्वयंपाकघर पहिल्याच प्रकरणात आहे.”

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग जाड आवाजात म्हणाले, “बघ, चिटणीस तुझ्याच बाजूचे निघाले.” देसाई या वेळी रागावले नाहीत.

एकादशीच्या आदल्या रविवारी चारपदरी कागद निघाला. मी वही उघडली, निळी शाई घेतली आणि तीच पंधरा नावं त्याच क्रमानं उतरवली. सोळाव्या आकड्यापाशी मी थांबलो. आमच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत, ते पुस्तक होतं. तिथून वाचनालय दोन मिनिटांच्या वाटेवर.

“ही काही कुठं मिळत नाही हो, अण्णा,” मी म्हटलं. “मी पुण्यातही पाहिलं.”

अण्णांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीनं पुसला आणि पुन्हा लावला.

“मिळेल,” ते म्हणाले. “बघत राहा. घाई कुणाला आहे?”

मी सोळाचा आकडा घातला आणि पुढची ओळ कोरी सोडली.